वाचकांचे प्रश्न : एएफ, अ‍ॅब्लेशन आणि रक्त पातळ करणारी गोळी

गेल्या अंकात एट्रियल फिब्रिलेशनवर, म्हणजे बोलताना सगळे ज्याला ‘एएफ’ म्हणतात त्यावर, मी लिहिलं होतं. हृदयाचे वरचे दोन कप्पे एका तालात आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. त्यांच्यात मिनिटाला ३५० ते ६०० विद्युत लहरी धावतात, त्यातल्या काहीच खालच्या कप्प्यांपर्यंत कशाही पोचतात आणि नाडीचा ताल सुटतो, एवढं त्यात सांगितलं होतं. शेवटी अ‍ॅब्लेशनचा, म्हणजे शिरेतून नळी हृदयात नेऊन एएफ पेटवणाऱ्या जागा वेगळ्या पाडण्याच्या उपचाराचा, उल्लेख आला आणि बहुतेक पत्रं त्यावरच आली. माझं रोजचं काम हेच असल्यामुळे या वेळी दुसरं काही घेत नाही. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. एक गोष्ट मात्र धरून चला: तपासल्याशिवाय कुणाचंही औषध मी इथून बदलणार नाही.

प्रश्न : मी ५६ वर्षांची शिक्षिका आहे. दीड वर्षापासून एएफचे झटके येतात, कधी महिन्यात एकदा, कधी आठवड्यात दोनदा. चार-पाच तास धडधड चालते, घाम येतो, वर्गात उभं राहवत नाही. दोन औषधं बदलून झाली. आता डॉक्टर अ‍ॅब्लेशन सुचवतात. घरच्यांनी ‘हृदय आतून जाळणार’ एवढंच ऐकलं आणि सगळे घाबरले आहेत. नेमकं करतात तरी काय?

ताई, घरच्यांना आधी हे सांगा की हृदय कुणी जाळत नाही. डाव्या वरच्या कप्प्यात उघडणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती काही मिलिमीटर रुंदीचा स्नायूचा पट्टा निकामी करायचा असतो.

या शिरा फुफ्फुसांतलं शुद्ध रक्त घेऊन येतात. साधारणपणे त्या चार असतात. कप्प्याचा स्नायू त्यांच्या तोंडाशी थांबत नाही, थोडा आत शिरलेला असतो, आणि तिथल्या पेशींना मधूनच स्वतःहून ठोके सोडायची खोड असते. फ्रान्समधल्या बोर्दो इथले मिशेल ऐसागेर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्णांत एएफ पेटवणारा पहिला ठोका कुठून निघतो याचा माग काढला. ६९ जागा सापडल्या, त्यातल्या ९४ टक्के या शिरांमध्ये होत्या. त्याआधी एएफवर मुळातून उपाय म्हणजे छाती उघडून करायची शस्त्रक्रिया होती. अमेरिकेत जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या ‘मेझ’ शस्त्रक्रियेत वरच्या कप्प्यांना ठरावीक रेषांवर छेद देऊन ते पुन्हा शिवत. बोर्दोच्या त्या कामानंतर सगळ्यांची नजर शिरांकडे वळली. सुरुवातीला डॉक्टर शिरेच्या आत शिरून नेमका तो बिंदू जाळत. त्यातून काही रुग्णांच्या शिरा आक्रसल्या. म्हणून मग बाहेर, तोंडाच्या भोवती, कप्प्याच्या बाजूने पूर्ण कडं घालायची पद्धत आली. शिरेत ठोके पडत राहिले तरी चालतं, ते कड्याच्या अलीकडे येता कामा नयेत.

प्रत्यक्षात असं होतं. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. आधी कप्प्याच्या एका कोपऱ्यातल्या खिशासारख्या भागात गुठळी नाही ना, हे सीटी स्कॅनने किंवा अन्ननलिकेतून केलेल्या इकोने पाहतात. गुठळी दिसली तर काम पुढे ढकललं जातं, त्यात तडजोड नाही. रक्त पातळ करणारी गोळी सहसा चालूच ठेवतात. भूल देऊन किंवा गाढ झोपवून जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या उजव्या वरच्या कप्प्यात नेतात. दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात एक पातळ जागा असते. सुईचं टोक तिथे टेकलं की तो पडदा डावीकडे तंबूसारखा ताणलेला सोनोग्राफीत दिसतो, आणि मग सुई पलीकडे जाते. संपूर्ण कामातला हा सगळ्यात नाजूक क्षण. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देऊन रक्त गोठायचा वेळ ३०० सेकंदांच्या वर ठेवतात आणि तो पुन्हा पुन्हा मोजतात.

पुढचं तुम्हाला दिसणार नाही, म्हणून मी सांगते. शिरेच्या तोंडात गोलाकार कॅथेटर, म्हणजे तारा असलेली बारीक नळी, बसवला की संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक ठोक्याला दोन खुणा उमटतात. एक बोथट, लांबून ऐकू आल्यासारखी, ती कप्प्याची. दुसरी उभी आणि टोकदार, ती शिरेतल्या स्नायूची. कडं पुरं होत आलं की दुसरी खूण पहिलीपासून मागे मागे सरकायला लागते. मग एका ठोक्याला येते, पुढच्याला येत नाही. आणि एका ठोक्यानंतर ती ओळ सपाट होते. कधी कधी आतला स्नायू आपल्याच नादात अधूनमधून ठोका देत राहतो आणि बाहेर हृदय त्याची दखलही न घेता संथ चाललेलं असतं. हे पाहिलं की खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल होतात. तरीही लगेच नळ्या काढत नाहीत. थोडं थांबून, वाट परत जुळली नाही ना, हे पुन्हा तपासतात.

तुमच्यासारख्या येऊन-जाऊन असणाऱ्या एएफमध्ये पहिल्या वर्षात साधारण दहापैकी सात-आठ जणांना पुन्हा झटका येत नाही. काहींना दुसऱ्यांदा अ‍ॅब्लेशन करावं लागतं, कारण कड्यात एखादी फट परत उघडते. धोके आहेतच. जांघेत रक्त साकळणं सगळ्यात जास्त आढळतं. हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त जमणं अनुभवी हातांत शंभरात एकाला किंवा त्याहून कमी जणांना होतं, आणि बहुतेक वेळा नळी घालून ते तिथल्या तिथे काढता येतं. पक्षाघाताचा धोका हजारात काही जणांना. मृत्यू हजारात एकाहूनही कमी. हे आकडे घरच्यांना तसेच वाचून दाखवा. माझ्या मते, दोन औषधं करूनही तुम्हाला वर्गात उभं राहवत नसेल तर तुम्ही या उपचारासाठी अगदी योग्य रुग्ण आहात. आठवडाभर जड उचलायचं नाही, त्यानंतर बहुतेक लोक कामावर परततात.

प्रश्न : तीन डॉक्टरांना भेटलो, तिघांनी तीन पद्धती सांगितल्या. एक म्हणतात गरम, एक म्हणतात गार, एक म्हणतात नवीन करंटवाली. वय ६२. यातली चांगली कोणती?

तिन्हींचा हेतू एकच, वर सांगितलेलं कडं. पेशी कशाने मारायच्या, एवढाच फरक. पण त्या फरकाचे परिणाम शेजारच्या अवयवांवर होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गरम म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी. कॅथेटरच्या टोकातून ऊर्जा जाते, ऊतक पन्नास अंश सेल्सिअसच्या वर तापलं की पेशी कायमच्या मरतात. टोक जास्त तापून त्यावर रक्ताची खपली धरू नये म्हणून बारीक छिद्रांतून सलाइन वाहत असतं. एकेक ठिपका शेजारी शेजारी देत कडं पूर्ण करायचं. टोक भिंतीवर किती जोराने टेकलंय हे आता ग्रॅममध्ये पडद्यावर दिसतं. पूर्वी ते हाताच्या अंदाजावर होतं. थ्रीडी नकाशावर कुठे किती ऊर्जा दिली ते उमटत जातं. ही पद्धत सगळ्यात लवचीक आहे. शिरांपलीकडे एखादी रेषा द्यायची असेल किंवा दुसऱ्यांदा येऊन फट शोधायची असेल, तर मला हीच हवी असते.

अडचण मागच्या भिंतीची. तिच्या मागे काही मिलिमीटरवर अन्ननलिका आहे. उष्णता तिथपर्यंत पोचली तर क्वचित, फार क्वचित, काही आठवड्यांनी अन्ननलिका आणि हृदय यांच्यात भोक पडू शकतं. म्हणून अन्ननलिकेत तापमान मोजणारी तार ठेवतात आणि मागच्या भिंतीवर ऊर्जा बेताने देतात.

गार म्हणजे क्रायोबलून. २८ मिलिमीटरचा फुगा शिरेच्या तोंडात फुगवून बसवायचा, आत नायट्रस ऑक्साइड सोडायचा, की फुग्याला टेकलेलं सगळं वर्तुळ एकदम गोठतं. एका शिरेला साधारण तीन-चार मिनिटं. इथे काळजी असते उजव्या बाजूच्या श्वासपटलाच्या नसेची, कारण ती उजव्या वरच्या शिरेच्या अगदी जवळून जाते. गोठवताना ती नस मुद्दाम वरून उत्तेजित करत राहतात आणि कुणीतरी रुग्णाच्या बरगडीखाली हात ठेवून उभं असतं. प्रत्येक उत्तेजनाला श्वासपटल हाताला उडी मारतं. उडी जराशी मंदावल्यासारखी वाटली की हात ठेवणारा ओरडतो आणि गोठवणं त्याच क्षणी बंद. इतक्या यंत्रांच्या गर्दीत हा तळहात अजूनही लागतो. दोन पद्धतींची थेट तुलना २०१६ मध्ये ७६२ रुग्णांवरच्या ‘फायर अँड आइस’ चाचणीत झाली. येऊन-जाऊन असणाऱ्या एएफमध्ये गार पद्धत गरमपेक्षा कमी पडली नाही.

तुम्ही ज्याला करंटवाली म्हणता ती पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशन. हजारो व्होल्टच्या पातळीतले, पण सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपासचे स्पंद देतात. पेशींच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रं पडतात आणि ती बुजत नाहीत. हृदयाच्या स्नायूपेशी अन्ननलिकेच्या किंवा नसेच्या पेशींपेक्षा कमी ताकदीच्या स्पंदांनी मरतात, हा तिचा मोठा फायदा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६०७ रुग्णांच्या ‘अ‍ॅडव्हेंट’ चाचणीत वर्षभरात उपचार यशस्वी राहिलेल्यांचं प्रमाण पल्स गटात ७३ टक्के आणि गरम-गार गटात ७१ टक्के होतं, म्हणजे बरोबरीच. अमेरिकेत डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये अशा पहिल्या दोन यंत्रणांना मान्यता मिळाली. २०२४ मध्ये १७,६४२ रुग्णांची एकत्रित नोंद प्रसिद्ध झाली, त्यात अन्ननलिकेला भोक पडल्याची एकही घटना नव्हती. मी हा आकडा वाचला तेव्हा मनापासून हायसं वाटलं. अन्ननलिकेची भीती आमच्या कामावर वर्षानुवर्षं होती.

पण ही पद्धत बिनधोक आहे असं कुणी सांगितलं तर मानू नका. हृदयधमनीच्या फार जवळ स्पंद दिले तर ती धमनी काही वेळ आकसू शकते. स्पंदांची संख्या खूप झाली तर तांबड्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पडदा ओलांडण्याचा आणि जांघेतल्या रक्तस्रावाचा धोका तिन्हींमध्ये सारखाच. पहिल्यांदाच अ‍ॅब्लेशन करायचं असेल तर माझा कल आता पल्सकडे आहे. तरीही तुमच्या तीन डॉक्टरांमध्ये गार पद्धतीचं काम वर्षानुवर्षं आणि वारंवार करणारे एक जण असतील आणि पल्सचं यंत्र नुकतंच आणलेले दुसरे, तर मी पहिल्यांकडे जाईन. तिघांनाही विचारा: तुम्ही वर्षाला किती एएफ अ‍ॅब्लेशन करता, तुमच्याकडे हृदयाभोवती रक्त जमण्याचं प्रमाण किती, आणि तसं झालं तर हृदयशल्यचिकित्सक इमारतीत असतात का? सरळ उत्तर देणारे डॉक्टर निवडा.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. नऊ-दहा वर्षांपासून त्यांची नाडी कायमच अनियमित आहे. इकोत डावा वरचा कप्पा बराच मोठा झाल्याचं लिहिलंय. ते म्हणतात, मला काहीही त्रास नाही. नातेवाईक मात्र अ‍ॅब्लेशन करून घ्या म्हणून मागे लागलेत. आम्ही उपचारात हयगय करतोय का?

नाही. इतक्या वर्षांचा कायमचा एएफ आणि मोठा झालेला कप्पा असेल तर लय परत आणून टिकवणं अवघड जातं. अशा कप्प्याच्या भिंतीत ठिकठिकाणी तंतुमय ऊतक तयार झालेलं असतं, नुसत्या शिरा वेगळ्या करून भागत नाही. जास्त जागा जाळल्या तर जास्त फायदा होईल, असं आम्हा सगळ्यांना एके काळी वाटत होतं. २०१५ च्या ‘स्टार एएफ-टू’ चाचणीत सलग चालणाऱ्या एएफच्या ५८९ रुग्णांवर ते तपासलं गेलं. शिरांखेरीज जादा रेषा किंवा जादा ठिपके दिलेल्यांना काहीच अधिक लाभ झाला नाही.

तरी दोन गोष्टी करा. एक, ‘त्रास नाही’ हे शब्दशः घेऊ नका. माणूस हळूहळू कमी करत जातो आणि वयावर ढकलतो. जिना चढताना मध्ये थांबतात का, पूर्वी जिथे चालत जात तिथे आता जायचं टाळतात का, दुपारी झोपल्याशिवाय राहवत नाही असं कधीपासून, हे घरातल्यांनीच आठवायचं. दोन, इकोत खालच्या डाव्या कप्प्याची ताकद किती लिहिली आहे ते पाहा. ती खूप घटलेली असेल तर चित्र बदलतं. २०१८ च्या ‘कॅसल-एएफ’ चाचणीत हृदयाची ताकद ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेले ३६३ रुग्ण होते. मृत्यू किंवा हृदय कमजोरीसाठी भरती होणं, या दोन्ही मिळून घटना औषधांच्या गटात ४४.६ टक्के आणि अ‍ॅब्लेशनच्या गटात २८.५ टक्के होत्या. ताकद चांगली असेल आणि वडील खरोखरच मजेत असतील, तर विश्रांतीच्या वेळी ठोके मिनिटाला ११० च्या आत ठेवणारं औषध आणि रक्त पातळ करणारी गोळी, हा पुरेसा आणि योग्य उपचार आहे. नातेवाइकांना हे पान दाखवा.

प्रश्न : अ‍ॅब्लेशन होऊन पाच आठवडे झाले. चौथ्या आठवड्यात दोनदा धडधड झाली, मनगटावरच्या घड्याळानेही एएफ दाखवला. म्हणजे फुकट गेलं का सगळं?

इतक्यात ठरवू नका. निकामी केलेल्या ऊतकाभोवती सूज असते, ती ओसरेपर्यंत कप्पा चिडचिडा राहतो. पहिल्या काही आठवड्यांतले झटके म्हणून अपयशात मोजत नाहीत. पूर्वी हा काळ तीन महिने धरत, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत तो आठ आठवड्यांवर आणला आहे. त्यानंतरही झटके चालू राहिले तर मात्र डॉक्टरांशी पुढचं बोला. घड्याळातली ईसीजीची पट्टी जपून ठेवा आणि दाखवा. नुसत्या प्रकाशाने नाडी मोजून दिलेल्या सूचनेवर निदान करू नका, अवांतर ठोक्यांनीही घड्याळ फसतं.

शिवाय एक हिशेब लक्षात ठेवा. संशोधनात ३० सेकंदांचा एएफ दिसला तरी तो ‘परत आला’ असं नोंदवतात. पूर्वी आठवड्याला सहा तास जाणाऱ्याला वर्षात एकदा दहा मिनिटं झाली, तर कागदावर ते अपयश आणि त्या माणसाच्या दृष्टीने सुटका.

तुमच्या पत्रात विचारलेलं नाही, पण अ‍ॅब्लेशन झालेल्या प्रत्येकाने पुढची ओळ वाचावी. पहिल्या दोन महिन्यांत ताप, थंडी, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, किंवा अचानक बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं यांपैकी काहीही झालं तर घरी गोळी घेऊन वाट पाहायची नाही. थेट मोठ्या रुग्णालयात जायचं आणि ‘माझं एएफ अ‍ॅब्लेशन झालंय’ हे पहिलं वाक्य बोलायचं. अन्ननलिकेच्या ज्या भोकाबद्दल वर लिहिलं, त्याची ही लक्षणं आहेत, आणि ती बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांनी येतात, माणूस घरी निवांत झाल्यावर. तपासणी छातीच्या सीटी स्कॅनने करायची. अशा वेळी घशातून दुर्बीण घालू देऊ नका. तिच्यासोबत आत सोडलेली हवा हृदयात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते. साध्या तापावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असेलच असं नाही, म्हणून ते रुग्णालाच माहीत असायला हवं.

प्रश्न : अ‍ॅब्लेशन होऊन सात महिने झाले. एकदाही झटका नाही. वय ६८, रक्तदाब आणि मधुमेह आहे. लय सुधारली म्हणून मी रक्त पातळ करणारी गोळी गेल्या महिन्यापासून बंद केली आणि त्याऐवजी अ‍ॅस्पिरिन घेतो. बरोबर ना?

दादा, हे पत्र वाचल्यावर मी बाकीची बाजूला ठेवली. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा, आणि गोळी परत कशी सुरू करायची ते विचारा.

लय आणि गुठळी हे दोन वेगळे हिशेब आहेत. अ‍ॅब्लेशन पहिल्या हिशेबासाठी आहे: धडधड, दम, थकवा. पक्षाघाताचा हिशेब तुमच्या वयावर आणि बाकीच्या आजारांवर चालतो. हृदयाची कमजोरी, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात, धमन्यांचा आजार, ६५ आणि ७५ या वयाच्या पायऱ्या, यांचे गुण मिळवून गोळी ठरते. तुमच्याकडे वय, रक्तदाब आणि मधुमेह असे तीन गुण आहेत. अ‍ॅब्लेशनच्या कड्यांनी त्यातला एकही कमी होत नाही. शिवाय निम्म्याहून जास्त वेळा परत आलेला एएफ जाणवतही नाही, विशेषतः अ‍ॅब्लेशननंतर. ‘झटका नाही’ म्हणजे ‘जाणवला नाही’ असंही असू शकतं.

अ‍ॅस्पिरिनने ती जागा भरत नाही. ज्यांना वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ करणारी जुनी गोळी, देता येत नाही अशा रुग्णांत अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅपिक्सॅबान ही रक्त पातळ करणारी नवी गोळी यांची तुलना २०११ मध्ये झाली. अ‍ॅपिक्सॅबान घेणाऱ्यांत पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि मोठ्या रक्तस्रावात लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका घेतला जातो, संरक्षण मात्र पुरतं मिळत नाही.

अ‍ॅब्लेशननंतर निदान दोन-तीन महिने गोळी प्रत्येकाला लागते, कारण निकामी झालेल्या पृष्ठभागावर गुठळी धरू शकते. त्यानंतर कुणाची थांबवता येईल यावर विचार बदलतो आहे, हेही खरं. २०२५ मध्ये दक्षिण कोरियात ८४० जणांवर चाचणी झाली. वर्षभर एएफ परत न आलेल्यांत गोळी थांबवलेल्या गटाला एकूण त्रास कमी झाला, मुख्यतः रक्तस्राव टळल्यामुळे. पण त्यात एएफ नाही याची वर्षभराची तपासणी होती, डॉक्टरांची देखरेख होती. सहाव्या महिन्यात स्वतःच्या मनाने गोळी सोडणं आणि ही चाचणी यांचा संबंध नाही. तुमच्या प्रकृतीत गोळी थांबवायची चर्चा करायचीच असेल तर ती डॉक्टरांसमोर, दीर्घ मुदतीच्या नोंदी हातात घेऊन करा. आणि संधिवाताच्या तापाने ज्यांची डावी झडप अरुंद झाली आहे, त्यांनी तर ही चर्चा स्वतःशीही करू नये. त्यांना वॉरफेरिनच लागतं. नव्या गोळीपेक्षा ते त्यांना जास्त उपयोगी आहे, हे २०२२ मध्ये ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने दाखवलं.

प्रश्न : वय ३८, वजन १०४ किलो, घोरतो, शनिवार-रविवार दारू होते. सहा महिन्यांत तीनदा एएफ झाला. मला आयुष्यभर गोळ्या नकोत. थेट अ‍ॅब्लेशन केलं तर?

औषधांआधी अ‍ॅब्लेशन करता येतं, त्याला आधारही चांगला आहे. कॅनडातल्या ‘अर्ली-एएफ’ चाचणीत ३०३ जणांना सुरुवातीलाच गार पद्धत किंवा औषधं दिली आणि त्वचेखाली नोंद करणारं यंत्र बसवलं. वर्षात अ‍ॅब्लेशनच्या गटात ४२.९ टक्के आणि औषधांच्या गटात ६७.८ टक्के जणांना एएफ किंवा तत्सम बिघाड परत झाला. तीन वर्षांत सलग चालणाऱ्या एएफकडे सरकलेले पहिल्या गटात १.९ टक्के, दुसऱ्यात ७.४ टक्के. म्हणजे लवकर केल्याने आजाराची वाटचाल मंदावते.

पण मी तुम्हाला तारीख देण्याआधी झोपेची तपासणी करायला सांगेन. घोरताना श्वास अडत असेल तर रात्रभर कप्प्यावर ताण येतो आणि प्राणवायू घटतो. ते तसंच ठेवून कडं घालणं म्हणजे ओल न काढता भिंतीला रंग देणं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड इथल्या २०१५ च्या अभ्यासात ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं, त्यांची एएफमुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. तुमच्यासाठी दहा टक्के म्हणजे साडेदहा किलो. दारूचंही मोजून झालं आहे. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातच नियमित पिणाऱ्या १४० जणांपैकी निम्म्यांनी ती सोडली. सहा महिन्यांत एएफ परत आलेले सोडणाऱ्यांत ५३ टक्के आणि चालू ठेवणाऱ्यांत ७३ टक्के निघाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी मोठा झालेला कप्पा घेऊन तुम्ही माझ्यासमोर बसू नये, असं मला फार वाटतं. तुमच्या वयात तो अजून मागे येऊ शकतो. सहा महिने हे मनावर घ्या, आणि झटके थांबले नाहीत तर अ‍ॅब्लेशन आहेच. दरम्यान झटका वाढून चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर सहा महिने मोजत बसू नका.

प्रश्न : अ‍ॅब्लेशनने बरं वाटतं हा मनाचा खेळ नाही कशावरून?

रास्त शंका आहे, आणि बराच काळ तिला नेमकं उत्तर नव्हतं. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये १२६ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांचं खरं अ‍ॅब्लेशन केलं, निम्म्यांना झोपवून नळी घातली पण कप्प्यात काहीच केलं नाही. कुणाला काय झालं ते रुग्णांना माहीत नव्हतं. सहा महिन्यांत एएफमध्ये जाणारा वेळ खऱ्या गटात सरासरी ६० टक्क्यांनी, दुसऱ्यात ३५ टक्क्यांनी घटला, आणि जगण्याचा दर्जाही खऱ्या गटात जास्त सुधारला. मनाचा वाटा आहेच, पण तो वजा करूनही बरंच उरतं.

प्रश्न : अ‍ॅब्लेशनआधी विश्रांतीत नाडी ६४ असायची, आता ७८ असते. काही बिघडलं का?

बिघडलं नाही. शिरांच्या तोंडाशी हृदयाची गती मंद ठेवणाऱ्या नसांचे छोटे गुच्छ असतात, कडं घालताना त्यातले काही निकामी होतात. नाडी दहा-पंधराने वाढते, बऱ्याच जणांची काही महिन्यांत खाली येते, काहींची तशीच राहते. गरम आणि गार पद्धतीत हे जास्त दिसतं, पल्समध्ये कमी. नुसत्या या वाढीसाठी औषध लागत नाही. मात्र बसल्या जागी नाडी १३०-१५० वर जाऊन तिथेच एकसारखी अडकून राहिली, तर ती ही वाढ नव्हे. कड्याच्या कडेने फिरणारी वेगळी लय सुरू झालेली असू शकते. तेव्हा ती चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या, थांबल्यावर काढलेला उपयोगाचा नसतो.